हेडसरांचा डावा खांदा

टेलरकाकांच्या पोटातलं ओठावर कधी आलं नाही. कुणाचं पोट सुटलं, कुणाची पाठ वाकली, हे फक्त त्यांना आणि त्यांच्या टेपला ठाऊक. चाळीस वर्षं दुकान चाललं ते निम्मं शिलाईवर आणि निम्मं या गप्प बसण्यावर.

हेडसरांचा डावा खांदा लहानपणच्या अपघातापासून दीड इंच खाली. सव्वीस वर्षं काका त्यांच्या प्रत्येक कोटात अस्तराखाली कापसाची गादी भरत आले. शाळेत कुणाला पत्ता नव्हता.

मग तयार कपड्यांपुढे धंदा बसला. सूनबाईने मोबाइलवर दुकानाचं पेज उघडून दिलं आणि बजावलं, "बाबा, नुसते शिवलेले कपडे नका दाखवू. लोकांना आतलं काम बघायला आवडतं."

आतलं म्हणजे आतलं! सून कामावर गेल्यावर काकांनी सरांचा शिवायला घेतलेला नवा कोट उलटा केला, गादीवरच्या बारीक टाक्यांचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "बाहेरून कळणार नाही, ही आमची कारागिरी." गिऱ्हाइकाचं नाव आणि माप लिहिलेली चिठ्ठी ते प्रत्येक कोटाला टाचायचे. तशी इथेही होती. "हेडसर, डावा खांदा, दीड इंच." काकांची नजर टाक्यांवर, चिठ्ठी त्यांना दिसलीच नाही.

दुपारपर्यंत दोनशे बदाम पडले. काका हरखून गेले. मग कुण्या माजी विद्यार्थ्याने लिहिलं, "म्हणजे सरांचा खांदा कापसाचा?" त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. सुनेने धावत येऊन फोटो पेजवरून काढून टाकला, पण तोवर तो पालकांच्या ग्रुपवर पोहोचला होता. काकांच्या मनात एकच आलं: उसवलेलं शिवता येतं, हे कसं शिवायचं?

तिसऱ्या दिवशी सर स्वतःच आले. काकांनी हात जोडले. "सर, चुकलो. पेज बंद करतो, तुमच्या पाया पडतो."

"राहू द्या हो. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" सरांनी अंगातला कोट काढून काउंटरवर ठेवला. "मुलं आता तोंडाकडे बघतच नाहीत, खांद्याकडे बघतात. गादी काढून टाका. लपवायचं कुणापासून?"

टाके इतके पक्के होते, की निघता निघेनात. काकांना स्वतःच्याच हातांचा राग आला. शेवटी सरांनी कोट घालून आरशात पाहिलं. डावी बाही पार बोटांवर आली होती.

"ही आखूड करावी लागेल," सर म्हणाले.

काकांनी माप घेतलं, सवयीने चिठ्ठी पुढे ओढली. नाव लिहायला हात उचलेना.