मापाड्याचं डोकं

त्याला सगळे मापाडी म्हणत. धान्य मापणारा नव्हे, माणसांची डोकी मापणारा. सात वर्षांत त्याने इतकी डोकी मापली होती, की रस्त्यात कुणी भेटलं तर आधी कपाळ दिसायचं, मग ओळख पटायची. बायको चिडवायची, "लग्नाआधी माझंही माप घेतलं असतंत, म्हणजे फसला नसतात." पूर्वी तो हसायचा. अलीकडे हसायचं राहूनच जायचं.

समुद्रापलीकडून येऊन इथला मालक झालेल्या साहेबाचं ठाम मत होतं, की इथल्या लोकांत काही जन्मजात चोर असतात आणि ते डोक्याच्या रुंदीवरून कळतं. एकशे चाळीस मिलिमीटरच्या वर भरलात तर घरी जा. खाली भरलात तर नाव यादीत आणि बिऱ्हाड तारेच्या कुंपणातल्या वस्तीत. तिथून बाहेर पाऊल टाकायचं तर चिठ्ठी हवी. चोरी केली की नाही, हे कुणी विचारत नसे. साहेबाने चार पुस्तकं वाचली होती, त्याच्यापुढे कोण काय बोलणार!

डोकी मापायचा पितळी चिमटा वाकला तर नाही ना, हे पाहायला साहेब तो रोज सकाळी मापाड्याच्याच डोक्याला लावी. कायम हाताशी असलेलं डोकं तेवढं एकच. एकशे अडतीस. तोच आकडा आला की साहेब म्हणे, "चिमटा ठीक," आणि काम सुरू होई. हे डोकंही एकशे चाळीसच्या खालीच भरतं, हे साहेबाच्या कधी ध्यानात आलं नाही. वजनाला कोण तोलतं? मापाड्याच्या मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं. तेव्हापासून तो फारसा बोलत नसे.

मग थोरल्या बहिणीच्या गल्लीची पाळी आली. आदल्या दुपारी ती घरी आली. आई गेल्यावर हिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं.

"चार आकडे वाढवून सांग. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"बघू, ताई."

"बघू काय? पोरांना घेऊन कुंपणात जाऊ?"

"बघू म्हटलं ना."

त्याने खरंच ठरवलं होतं. एकशे बेचाळीस. जेवताना, हात धुताना तो तेवढंच मनाशी घोकत होता.

दुसऱ्या दिवशी ताई स्टुलावर बसली. त्याने चिमट्याची टोकं तिच्या कानांच्या वर टेकवली. साहेब खिडकीबाहेर बघत होता, कारकून वहीत मान घालून बसला होता. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

"एकशे अडतीस," मापाडी म्हणाला.

सात वर्षांची सवय. तोंड आपलं काम करून मोकळं झालं. भीती म्हणावी तर भीतीही नव्हती. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटेना.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तुझं किती रे?"

"काय म्हणते ही?" साहेबाने विचारलं.

"काही नाही, साहेब. चिमटा टोचला म्हणते."

कारकुनाने ताईचं नाव यादीत लिहिलं.

दुसऱ्या सकाळी साहेबाने नेहमीसारखा चिमटा मापाड्याच्या डोक्याला लावला. आज तरी साहेब आकड्यापाशी अडेल, असं त्याला वाटलं. अडावा, असंही वाटलं.

"एकशे अडतीस," साहेबाने वाचलं. "चिमटा ठीक. पहिल्याला बोलाव."

मापाड्याने बोलावलं.