रोपांचं माहेर निमोण्याला

जगातली निम्मी दुःखं गुलाबाचं रोप चुकीच्या ठिकाणाहून घेतल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या दादाचा सासरा निघाला. दौंडात कुणाच्या सुनेचं सासूशी पटेना, कुणाचा मुलगा परीक्षेत गचकला, कुणाची पाठ धरली, की आप्पा आधी विचारणार, "घरात गुलाब हाय का? कुठनं आणला?" हातगाडीवरून किंवा मोबाइलवर मागवून आणला असं उत्तर आलं, की ते समोरच्याकडे अशा नजरेनं बघत की त्याला आपलंच चुकलं असं वाटू लागे. रोप नर्सरीतूनच घ्यावं, नर्सरी छोटीच असावी, आणि शक्य तर ती निमोण्याच्या शालनची असावी, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. एवढ्यासाठी ते दौंडाहून आमच्या शिरूर तालुक्यात स्कूटर दामटत येत आणि परतीच्या वाटेवर नको तेवढा चहा आमच्याकडे पीत.

आप्पांची सगळी नोकरी कुरकुंभच्या एका कंपनीत बॉयलरवर गेली. निवृत्त झाले तरी शिफ्ट सुटली नव्हती. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी फर्स्ट शिफ्टला, कीड बघणं सेकंड शिफ्टला. परगावी जायचं झालं तर शेजाऱ्याला गच्चीवर बोलावून रीतसर चार्ज द्यायचे, आणि तो बिचारा किल्ली घेऊन "बरं बरं" म्हणाला तर त्याच्याकडून सगळं पुन्हा वदवून घ्यायचे. छाटणीला कंपनीतलं पिवळं हेल्मेट आणि गॉगल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, गच्चीवर गॅस गळतोय. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हसताय काय? काटा डोळ्यात गेला तर कुठल्या दुकानात मिळतोय दुसरा?"

शालन आणि तिचा नवरा यांची नर्सरी म्हणजे ओढ्याकाठचा एक तुकडा, वर हिरवी जाळी आणि मध्ये रोपांच्या काळ्या पिशव्यांच्या रांगा. नवरा कंपनीत जायचा, कलमं शालनच बांधायची. ही नर्सरी चालली पाहिजे हे काम आप्पांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. लोक हिवाळ्यात फुलं बघून रोपं नेतात. आप्पा भर उन्हाळ्यात न्यायचे. का, तर "फुलं असताना कुणीबी येतं. शालनला गिऱ्हाईक लागतं ते आत्ता." पुढच्या हंगामाला कुठली रोपं हवीत ते आधीच सांगून ठेवायचे, म्हणजे तिला तेवढी कलमं निर्धास्त बांधता येतील. रोप काढताना पिशवी ब्लेडनं फाडायची नाही. कुंडीवर उलटी धरून, थोपटून, बाळाचं झबलं काढावं तशी काढायची. मग ती पिशवी धुऊन दोरीवर चिमट्यानं वाळत घालायची आणि पुढच्या खेपेला शालनला परत. त्यामुळे दौंडात त्यांच्या गच्चीवर आक्कांच्या लुगड्यांच्या शेजारी काळ्या पिशव्यांची रांग फडफडत असे, आणि आक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्यावर म्हणत, "पाव्हण्यांनो, वर बघू नका. आमच्यात अशीच धुणी वाळत्यात."

घासाघीस तर त्यांच्यासमोर करायचीच नाही. आमच्या हिनं एकदा शालनला सवयीनं "काही कमी करा की" म्हटलं, तर आप्पा तिथून उठून उन्हात जाऊन पाठमोरे उभे राहिले. ही घाबरली. शेवटी आक्कांनी समजूत घातली, "ते तसंच करत्यात. तू पैसे दे, मग सावलीत येत्याल." आणि खरंच आले.

लग्नाकार्यात आप्पांचं पाकीट कधी मिळालं नाही. मिळायचं ते गुलाबाचं रोप. नवरा-नवरीच्या हातात काळी पिशवी ठेवून बजावायचे, "लेक दिली हाय. नीट नांदवा." हे नुसतं बोलणं नव्हतं. निमोणं हे रोपांचं माहेर आणि आपण मामा, अशी त्यांची पक्की धारणा होती. सवड मिळाली की ते आणि आक्का स्कूटरवरून राहूपासून न्हावऱ्यापर्यंत दिलेल्या लेकींची विचारपूस करत फिरायचे. यजमान चहा टाकेपर्यंत आप्पा परसात वाकून रोपाच्या बुडाशी काहीतरी उपटत असायचे. ती खुंटाची फूट. गुलाबाचं कलम म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा एक डोळा बसवलेला असतो. डोळा म्हणजे फांदीवरचा बारीक कोंब. जोडाच्या खालून रानटी फूट येते, ती जोमदार असते, आणि वेळेवर काढली नाही तर वरचा चांगला गुलाब मरून नुसतं रान उरतं. आपण मात्र "झाड काय झपाट्यानं वाढलंय!" म्हणून खूश.

निमोण्याहून परतताना नवं रोप नेहमी आक्कांच्या मांडीवर असायचं. आप्पा स्कूटर हाणायचे ते बॉयलरला प्रेशर चढल्यासारखी, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मान मागं वळवून ओरडायचे, "धर गं नीट!" त्यावर आक्का तितक्याच जोरात, "रोप धरू का तुम्हाला?" हा संवाद आमच्या दारातूनही ऐकू यायचा. शेवटी आक्का दोन्ही धरून घरी पोहोचायच्या.

शालनच्या नर्सरीत एक फिकट गुलाबी गुलाब होता. तिच्या सासऱ्यानं कुठूनसा आणलेला. नाव कुणालाच ठाऊक नाही. सगळे त्याला 'फिक्का' म्हणत. दिसायला अगदी साधा, पाकळ्या दोन दिवसांत गळणार, पण वास असा की घरात एक फूल ठेवलं तर आलेला माणूस बोलता बोलता थांबायचा. तसा गुलाब आसपास दुसऱ्या कुठल्या नर्सरीत नव्हता, आणि आप्पा लग्नात द्यायचे तोही हाच. लाल-पिवळे काय, मोठ्या नर्सऱ्यांत ढिगानं मिळतात. लोक वाट वाकडी करून निमोण्याला यायचे ते फिक्क्यासाठी, आणि आले की चार दुसरी रोपंही न्यायचे. शालनच्या पहिल्या हंगामातला पहिला फिक्का आक्कांनी नेला होता. तो गच्चीवर, जिन्याच्या तोंडाशी असे.

मग आक्का गेल्या. अगदी थोड्या आजारपणात. आप्पांनी पाणी, छाटणी, शिफ्ट सगळं चालू ठेवलं, फक्त लेकींच्या घरी जाणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणत, "स्कूटरचं काम निघालंय." ते काम पुढं दोन-तीन वर्षं काही संपेना.

अशातच परतीच्या पावसात ओढा फुगला आणि पाणी नर्सरीत शिरून कित्येक दिवस साचून राहिलं. बाकी रोपं थोडीफार वाचली, पण ज्यावरून डोळे काढायचे ती फिक्क्याची जुनी झाडं मुळापासून कुजली. शालनचा नवरा म्हणाला, फिक्का न्हाई तर कोण येतंय हितं, जाळी काढू, कांदा लावू. तू पॅकिंगला ये कंपनीत. शालननं आप्पांना फोन केला तो निरोप घ्यायला. पंधरा वर्षं हातानं वाढवलेलं सोडायचं होतं. आप्पा एवढंच म्हणाले, "थांब जरा. माहेर बुडाल्यावर लेकी येणार न्हाईत व्हय?"

स्कूटरचं काम त्याच दिवशी संपलं. आप्पांनी लेकी दिलेल्या सगळ्या घरी सांगावे धाडले, आणि थंडीतल्या एका रविवारी सकाळी निमोण्याला माणसांची ही गर्दी. ज्याच्या त्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फिक्क्याच्या काड्या. आमच्या हिनंही मोठ्या दिमाखात हातभर लांब, हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या जाड काड्या आणल्या होत्या. आप्पा हेल्मेट घालून प्रत्येकाचं स्वागत करत होते, लग्नघरासारखे.

शालननं पहिली काडी उचलली, एका देठावरची पानं मोजली, रानगुलाबाला ती जास्त असतात, आणि बाजूला ठेवली. दुसरी ठेवली. मग हळूहळू सगळाच ढीग बाजूला झाला. "आप्पा," ती म्हणाली, "ह्यो तर समदा खुंट हाय."

आधीच नाजूक फिक्का, त्यात खालची फूट उपटणारं कुणी आलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं रानाला खतपाणी घातलं होतं. आप्पांनी हेल्मेट काढलं आणि आमच्यावर न ओरडता म्हणाले, "मी यायला पायजे हुतं."

उरला गच्चीवरचा एकच. दुपारी शालनला घेऊन आम्ही दौंडला गेलो. आक्कांचा फिक्का नीट होता, जोडाखाली एक फूट नाही. शालननं झाडाभोवती फिरून पाहिलं आणि म्हणाली, "आप्पा, म्हातारं झाड हाय. दोन फांद्या ठिवू. समदं छाटलं तर परत फुटायचं न्हाई."

"दोन फांद्या ठिवून तुला डोळे पुरत्यात का?"

शालननं बोटानं फांद्या मोजल्या आणि नाही म्हणून मान हलवली.

"मग काप की. ती असती तर इतका येळ लावला नसता तिनं."

कात्री मात्र शालनच्या हाती दिली नाही. स्वतःच कापलं, एकेक फांदी ओल्या गोणपाटात निजवत. त्या दिवशी गॉगल घातला नव्हता. काटा लागला की काय, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. मी पिशव्या मोजायच्या निमित्तानं दोरीकडे गेलो.

ते झाड पुन्हा फुटलं नाही. आप्पा उन्हाळाभर त्या खुंटाला फर्स्ट शिफ्टला पाणी घालत राहिले. निमोण्यात मात्र डोळे धरले. नवऱ्यानं कांद्याचं नाव काढणं सोडलं, आणि आप्पांनी लेकींच्या घरचे फेरे पुन्हा सुरू केले. आता ते परसात वाकायचे तेव्हा आम्हीही शेजारी वाकायचो.

पुढच्या थंडीत फिक्का विकायला तयार झाला, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आप्पाच. मीही गेलो होतो. शालननं सगळ्यात चांगलं, कळी आलेलं रोप काढून त्यांच्या हातात दिलं आणि पैसे घेईना. "आप्पा, तुमचंच हाय की हे."

"असं सगळ्यांना फुकट वाटलंस तर जाळी काढावी लागंल तुला," आप्पा डाफरले. पुरे पैसे तिच्या हातात ठेवले, खिशातून धुतलेली पिशवी काढून दिली, आणि रोप स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवून आक्कांच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं नीट बांधलं.

मी मोटरसायकलवर त्यांच्या मागं निघालो. आप्पा इतक्या हळू चाललेले मी कधी पाहिले नव्हते. एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. न्हावऱ्याच्या अलीकडं स्पीडब्रेकर आला. आप्पांनी स्कूटर जवळजवळ थांबवली, मान मागं वळवली, आणि ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण काय म्हणाले ते ठाऊक होतं. उत्तर येण्याइतका वेळ ते तसेच थांबले, आणि मग पुढं गेले.