गव्हाच्या कोठीतलं गाठोडं

सकाळी सुनंदा दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, ती गाठोडं न्यायला आली आहे. आदल्याच संध्याकाळी माझा भाऊ युवराज सांगून गेला होता, "उद्या तिलेच धाडसू." म्हणून मी भावजयीला बस म्हणाले आणि वळून गव्हाच्या कोठीचं झाकण उचललं. पाठीमागून ती म्हणाली, "अक्का... ते उठी नही ऱ्हायनात." झाकण मी आवाज न करता पुन्हा नीट बसवलं, दाराला कडी घातली आणि तिच्याबरोबर चालू लागले. सुरतेच्या गोडादरा भागात माझ्या घरापासून त्याची खोली दोन गल्ल्या पलीकडे. वाटेत दूधवाला भेटला, त्याला म्हटलं, उद्यापासून पाव लिटर कमी टाक. युवराजच्या संध्याकाळच्या चहाचं ते दूध. तो झोपेतच गेला आहे हे मी अजून डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

नावडती गोष्ट आधीच सांगून टाकते, माझा भाऊ जुगारी होता. धुळ्याकडचं गाव सोडून आम्ही लहानपणीच सुरतेला आलो. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले, तो कापडाच्या लूमवर लागला आणि पुढे तिथलाच मास्टर झाला. श्रावणात सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवसांत, इथे भली भली घरं पत्ते काढतात, तेवढ्यापुरतं कुणी कुणाला नावं ठेवत नाही. युवराजचा श्रावण बारमाही होता. हरणाऱ्याला एकच चिंता असते, जिंकणाऱ्याला दोन, असं तो म्हणायचा. पैसा चोरापासून कसा राखायचा आणि स्वतःपासून कसा. आणि तो बऱ्याचदा जिंकायचा. चोराची त्याला फारशी भीती नव्हती. सुनंदाच्या पाटल्या काही चोराने नेल्या नव्हत्या.

पाटल्या गेल्या त्यानंतर एका संध्याकाळी तो लूमवरच्या कोऱ्या कापडाच्या तुकड्यात नोटा बांधून माझ्याकडे आला. कपाटात ठेवते म्हटलं तर मान हलवली. "कपाट चोर बी पहिले उघडस अन् जुगारी बी." मग बँकेत ठेव म्हटलं. "मशीन मांगतच देस, अक्का. तू नही देस." त्याने स्वतःच कायदा घालून दिला. जिंकलेल्या पैशाचे तीन हिस्से. चालता हिस्सा खिशात, घरचा हिस्सा त्याच दिवशी सुनंदाच्या हातात, आणि बंद हिस्सा माझ्या कोठीत, गव्हाच्या पोटात, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासोबत. चैत्रात कोठी धुवायला रिकामी होते, तेव्हा गाठोडं सुनंदाने न्यायचं, तेही तिने स्वतः येऊन. एरवी नाही. "मी खोटं सांगसू. खरं बी सांगसू. देऊ नको," असं त्याने मला शपथेवर बजावलं होतं. जिंकून आला की तो घरी न जाता आधी माझ्याकडे यायचा, हातातली पुरचुंडी द्यायचा आणि मी कोपरापर्यंत हात खुपसून गाठोड्यात भर घालत असताना दाराबाहेर पाठ करून उभा राहायचा. स्वतःच्या पैशाकडे बघायचीही त्याला भीती वाटायची.

मागायला मात्र तो पुन्हा पुन्हा आला. एकदा धाकट्या मुलीला फणफणून ताप आहे म्हणाला. मी चपला घालून त्याच्याबरोबर निघाले, तर तापाने फणफणलेली पोर गल्लीत दोरीवरच्या उड्या मारत होती. दोघंही परत आलो आणि चहा प्यालो. तेव्हापासून तो येण्याच्या वेळेला मी पेपर घेऊन कोठीच्या झाकणावरच बसायला लागले. "नागोबा बठना बठ्ठा धनवर," असं तो मुलींना सांगायचा. गाठोड्यातून मोठीची कॉलेजची फी निघाली, दवाखाने निघाले. जुगाऱ्याच्या घरात शिल्लक राहते म्हणून गल्लीतल्या बायकांना नवल वाटायचं.

त्या शेवटच्या संध्याकाळी, चैत्र तोंडावर आलेला असताना, तो चहा न मागताच बसला. ते राहत होते ती खोली मालक विकायला निघाला होता, बाहेरचं गिऱ्हाईक तयार होतं, आणि तसं झालं असतं तर सुनंदा आणि पोरी रस्त्यावर आल्या असत्या. एवढं मलाही ठाऊक होतं. "अक्का, यंदा खेळासाठी नही. खोलीना इसार देना शे."

मी कोठीवरून हलले नाही. "सुनंदाले धाड."

"मी खरं सांगी ऱ्हायनू."

"खरं बी ऐकू नको, असं तूच सांगेल शे."

तो हसला. "पास झाली तू, अक्का." चहा प्याला, बशी धुऊन पालथी घातली आणि जाता जाता उद्याचं बोलून गेला.

तेराव्याच्या पंगतीला कोठीतला तळाचा गहू दळला. दुसऱ्या दिवशी खोलीचा मालक सुनंदाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "युवराजभाईने बात पक्की की थी. पडवा को पैसा देने वाले थे." सुनंदाला युवराजने यातलं काही सांगितलं नव्हतं, आधी व्यवहार जमू दे म्हणाला असेल मनाशी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घरी जाऊन गाठोडं आणलं. तिने जमिनीवर गाठ सोडली, पाला बाजूला केला आणि म्हणाली, "हाऊ पैसा माले नको वाटस, अक्का. पन खोली पाहिजे." इसार दिला, उरलेले हप्त्यांनी द्यायचे ठरले. पोरी त्याच खोलीत आहेत.

लोक विचारतात, तो खरं बोलत होता आणि तुम्ही नाही म्हणालात, मनाला लागत असेल. लागायला हवं. पण खरं सांगते, अजून काही वाटतच नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसं झालंय. स्वयंपाक होतो, कपडे वाळत पडतात. रडू कधी येईल ते ठाऊक नाही, पण ते यावं असं फार वाटतं.

परवा गावाकडून नवा गहू आला. धुऊन वाळवलेल्या कोठीत पाला पसरला, एक पोतं ओतलं, आणि माझ्या हाताने सवयीने मधे खळगा केला. गाठोड्यापुरता. मी कोठीच्या काठावर हात ठेवून तशीच उभी राहिले. कडेचे दाणे हळूहळू घसरत आत गेले आणि खळगा भरून आला. मग दुसरं पोतं ओतलं, झाकण लावलं. संध्याकाळ झाली होती. पेपर घेतला आणि कोठीवर जाऊन बसले. आत नुसता गहू होता.