हादरा कुठवर

माझं माहेर निगडीतलं, प्राधिकरणातलं, आणि सासर कुरुळीचं. बसनं तासभरसुद्धा लागत नाही, पण लग्न ठरलं तेव्हा आईनं मला परमुलखात धाडायला निघाल्यासारखा चेहरा केला होता. तिच्या मते कुरुळी म्हणजे खेडं. इथे आल्यावर मला कळलं, खेडं वगैरे काही नाही. कंपन्या आणि गोदामं यांच्यामध्ये जी जागा उरली तिला गाव म्हणतात. आमच्या घरामागे असाच एक उरलेला तुकडा आहे आणि त्याच्या टोकाला गोदामाची उंच भिंत. भंगारात निघालेले पुठ्ठे घट्ट बांधून आम्ही त्या भिंतीपुढे उभे केलेत. रविवारी सकाळी मी त्यांच्यावर बाण मारते.

कॉलेजात असताना मी धनुर्विद्या खेळायचे, साध्या बांबूच्या धनुष्याची. पुढे चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात नोकरी लागली, लग्न झालं आणि धनुष्य माहेरच्या माळ्यावर गेलं. ते खाली आलं सासूबाई गेल्यानंतर. सासूबाई गेल्या आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसले ते बसलेच. समोरून कंटेनर जायचे ते बघत राहायचे. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "ठेव झाकून." संध्याकाळी ताट तसंच असायचं. माझ्या नवऱ्याची शिफ्ट फिरती, त्यामुळे ते झाकलेलं ताट बहुतेक वेळा मलाच उचलावं लागायचं. घरातली ती शांतता मला असह्य झाली, म्हणून एका रविवारी मी माहेरून धनुष्य घेऊन आले. निदान आवाज तरी होईल.

धनुष्याला मधोमध चीर गेलेली होती. आप्पांनी ते ओट्यावरूनच पाहिलं आणि किती तरी दिवसांनी पुरतं एक वाक्य बोलले, "ह्यो कामठा हाय का चुलीत घालायची काडी?"

आमच्याकडच्या जुन्या माणसांत धनुष्याला कामठा म्हणतात. आप्पांच्या लहानपणी भावकीतली सगळी पोरं कामठे करायची म्हणे. दुसऱ्या दिवशी आप्पा ओढ्याकाठी जाऊन बांबू घेऊन आले. तो सावलीत वाळवला, फोडला, कोयत्यानं तासला, मग कानस, मग फुटक्या काचेचा तुकडा. दिवसभर घरामागे खरवडल्याचा आवाज. आणि दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, "झालं का न्हाई जेवाण?" मी भाकरी वाढताना नवऱ्याकडे बघितलं नाही, नाहीतर दोघंही रडलो असतो.

शेजारच्या काकू अजूनही विचारतात, "नाटकात काम लागलंय का गं तुला?" विचारोत बापड्या.

धनुष्य देखणं झालं. माझ्याहून वीतभर उंच, दोन्ही बाजूंनी सारखं वाकणारं. पहिला बाण सरळ गेला आणि पुठ्ठ्यात रुतला. पण बाण सुटला त्याच क्षणी धनुष्यानं माझ्या डाव्या हाताला असा दणका दिला, की आपण कडी धरून उभं असावं आणि पलीकडून कुणीतरी दारावर लाथ घालावी. मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात. आप्पा पाठीशी उभे होते. "कसा हाय?"

"बाण छान गेला आप्पा. पण हाताला हादरा बसतो."

"हादरा कामठ्यात न्हाई, तुझ्या धरण्यात हाय. ढिलं धरतीस. घट्ट आवळ."

आप्पांनी उभं आयुष्य फाउंड्रीत काढलं. ओतून आलेल्या लोखंडी भागांच्या खडबडीत कडा हातातल्या ग्राइंडरनं घासायच्या, हे काम. त्या कामाचा पहिला धडा म्हणजे यंत्र घट्ट धर, ढिलं सोडलंस तर फिरेल आणि तुलाच कापेल. मी घट्ट धरलं. हादरा दुप्पट झाला, कारण मूठ आवळली की हात धनुष्याचाच भाग होतो आणि सगळा धक्का वर चढतो. हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. पण सासऱ्यांना शिकवायला गेलं की काय होतं हेही मला माहीत होतं.

मग नवऱ्यानं लक्ष घातलं. तो मेंटेनन्समध्ये आहे. आमच्या या पट्ट्यात एक श्रद्धा आहे, यंत्र हादरलं की रबर लावायचं. पंपाखाली रबर, कॉम्प्रेसरखाली रबर, घरच्या वॉशिंग मशीनच्या चारही पायांखाली रबर. आम्ही तिघंही कंपनीवाले, तेव्हा तिघांनाही हा उपाय एकदम पटला. नवऱ्यानं भोसरीतून जाड रबराचे तुकडे आणले आणि धनुष्याच्या दोन्ही टोकांना बेतशीर चिकटवले. मी बाण सोडला आणि माझे दात वाजले.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. धनुष्य ओढताना त्यात जी ताकद साठते, ती सगळी बाणात जात नाही. थोडी धनुष्याच्या टोकांत उरते. दोरी ताणून थांबली की पळत आलेली टोकंही गपकन थांबतात आणि तो धक्का मुठीत येतो. टोकं जितकी जड, तितका धक्का मोठा. आणि आम्ही तिघा शहाण्यांनी टोकांनाच वजन बांधलं होतं. रबर काढलं, पण तोवर माझा कोपर गेला होता. डाव्या हातानं तवा उचलेना.

थेरगावच्या डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिला. "काम काय करता?"

"तपासणी विभागात आहे."

"मग हे कशानं?"

"धनुष्यबाणानं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बंद करा," म्हणाले.

डॉक्टरांना काय जातंय म्हणायला. मी धनुष्य ठेवलं आणि आप्पा पुन्हा ओट्यावर गेले. धनुष्य मांडीवर, नजर कंटेनरवर. पहिले दोन-तीन दिवस जेवले, मग ताट झाकलं जायला लागलं. त्या माणसाला उठवणारी ती एकच गोष्ट होती, आणि तिनंच मला जायबंदी केलं होतं. कोपराची सूज उतरल्यावर मी ठरवलं, धनुष्यातच दोष आहे हे आप्पांना सरळ सांगायचं. रुसले तर रुसले.

"आप्पा, याची टोकं जड झालीत. बारीक करावी लागतील."

"कामठ्यात कायबी खोट न्हाई."

"मग तुम्ही मारून बघा."

उठले. दोरी ओढली, बाण सोडला. मी शेजारी उभी होते. आप्पांचा दंड लटपटला. कोपराजवळची सैल कातडी थरथरत राहिली, बाण रुतून गेल्यावरसुद्धा. चेहऱ्यावर मात्र काही नाही. त्यांनी आणखी एक मारला, मग आणखी एक. मग माझ्याकडे वळून अगदी खरेपणानं म्हणाले, "कुठं हाय हादरा?"

ते हट्टानं बोलत नव्हते. त्यांना तो लागतच नव्हता.

मग मला एकेक गोष्ट आठवत गेली. आप्पा गरम पातेलं चिमट्याशिवाय उतरवायचे आणि मी ते माहेरी कौतुकानं सांगायचे. सासूबाई होत्या तोवर आप्पांच्या शर्टाची बटणं त्याच लावायच्या. आम्ही नवराबायको हसायचो, म्हातारपणीचे लाड म्हणायचो. त्या गेल्यावर आप्पा टी-शर्ट घालायला लागले, तेव्हाही आम्ही हसलो, आप्पा मॉडर्न झाले म्हणून. बटण बोटांना लागल्याशिवाय लावता येत नाही, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

"आप्पा, तुमच्या हाताला समजत नाही."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"कंपनीत हुतो तवापासनंच. थंडीत बोटं पांढरीफट पडायची. मंग मुंग्या यायच्या. मंग मुंग्याबी गेल्या."

"डॉक्टरला दाखवलं नाहीत?"

"समद्यांचीच पडायची. कुणाकुणाला दावणार?" मग म्हणाले, "तुझ्या सासूला ठावं हुतं."

मला संताप आला. कुणाचा आला ते सांगता येणार नाही. कंपनीत मी आलेल्या भागांच्या कडांवरून बोट फिरवते. कड गुळगुळीत लागली की माल पास. रोजची भाकरी मी त्या बोटावर कमावते, आणि माझ्याच घरात एका माणसाची बोटं तशाच कडा घासताना ग्राइंडरच्या हादऱ्यानं संपली होती. मी आत जाऊन चहा ठेवला.

चहा घेताना आप्पाच म्हणाले, "आसं कर. तू मार आन् सांग. मी घासतो."

मग आमचं काम सुरू झालं. रविवारी थोडेच बाण मारायचे, कोपर सांभाळून. आधी दोरीला पीळ देऊन ती धनुष्यापासून जरा लांब आणली, म्हणजे टोकांना पळायला जागा कमी. मग जाड बांबूचे, जड फाळाचे बाण केले, म्हणजे जास्तीची ताकद बाणानंच घेऊन जावी. मी मूठ उघडी ठेवायला लागले, धनुष्य नुसतं तळव्यावर टेकवायचं. उरलं ते टोकांचं काम, आणि ते फक्त आप्पांचं. मी बाण सोडला की ते विचारायचे, "कुठवर?" मी उजव्या हाताचं बोट डाव्या दंडावर ठेवून दाखवायचे, इथवर. ते नीट बघायचे आणि काच घेऊन बसायचे. बांबू किती उतरला हे त्यांच्या बोटांना कळत नव्हतं, म्हणून मधून मधून टोक गालाला लावून बघायचे. काच बोटात शिरली तरी रक्त आधी मला दिसायचं, म्हणून मी शेजारीच बसायचे. लसूण सोलत, नाहीतर उगीचच.

धोका होता. टोक गरजेपेक्षा बारीक झालं तर मोडतं, आणि ओढलेलं धनुष्य मोडलं की तोंडावर येतं. एका रविवारी दोरी ओढताना कुर्र आवाज आला. आप्पांनी झडप घालून धनुष्य माझ्या हातातून घेतलं, दोन्ही टोकं उन्हात धरून कितीतरी वेळ बघितली. "बास का?" त्यांनी विचारलं. बास म्हणावंसं फार वाटत होतं, कारण धनुष्य मोडलं तर ते दुसरं करतील याची मला खात्री नव्हती. पण हादरा अजून कोपराखाली होता, आणि त्यांच्याकडे माझ्याशिवाय दुसरा हात नव्हता.

"अजून थोडं," मी म्हणाले.

पुढच्या वेळी हादरा मनगटावर आला, आणि त्याच्या पुढच्या वेळी तळव्यात. कुणी टाळी देऊन हात काढून घ्यावा इतकाच. मी पाठोपाठ पाच-सहा बाण मारले आणि कोपर एकदाही बोलला नाही. आप्पा म्हणाले, "दे इकडं."

त्यांनी बाण लावला. मूठ नेहमीसारखी करकचून आवळलेली, नखं पांढरी पडेपर्यंत.

"आप्पा, सैल धरा."

"ढिलं धरलं तर मला कळत न्हाई पोरी, धरलंय का सुटलंय."

म्हणजे घट्ट धर, घट्ट धर, हे सगळं यासाठी होतं. मी पुढे झाले आणि त्यांच्या डाव्या मनगटाखाली हात धरला. आमच्या घरात सून सासऱ्याला हात लावते ती पाया पडताना, बाकी नाही. आप्पा अवघडले, मीही अवघडले. शेजारच्या गच्चीवर काकू कपडे वाळत घालत होत्या.

"मी धरलंय. सोडा तुम्ही."

त्यांची बोटं एकेक करून उघडली. धनुष्य त्यांच्या तळव्यावर नुसतं टेकलं. त्यांनी दोरी ओढली, बाण गेला.

"कुठवर?" त्यांनी विचारलं.

हात त्यांचा होता. खोटं बोलून "काहीच नाही" म्हणावं असं वाटलं. पण मी त्यांच्या मनगटाच्या जरा वर, जिथवर मला थरथर लागली होती, तिथे बोट ठेवलं. "इथवर, आप्पा."

आप्पांनी मान वाकवून ती जागा पाहिली. मग आपला उजवा हात आणून माझ्या बोटाशेजारी ठेवला आणि बराच वेळ तिथंच धरून ठेवला.