पोपटावरची टिकली

मोहितेबाई गेल्याचं त्यांच्या मुलीने, वैशालीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "नक्की का?" आई गेल्याचं सांगणाऱ्या मुलीला असं विचारणारा गाढव नवघर ते काशीगाव एवढ्या टापूत मीच असणार. पलीकडे वैशाली रडता रडता हसली. "आईनेच बिघडवलंय तुला," म्हणाली. खरं होतं ते. समोरचा आकडा असो, समोरचा माणूस असो की आपलंच काम असो, पहिल्या फटक्यात विश्वास ठेवायचा नाही, हे मी बाईंकडून घेतलं. त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला तेव्हा कुठे मला ती बातमी पटली.

काशीगावातल्या आमच्या ऑफिसात आम्ही शाळकरी मुलांसाठी मोबाईलवरचे धडे बनवतो. धडे रचायचे मी, आणि ते मुलांच्या हाती पडण्याआधी पारखायला साहेबांनी बाईंना आणलं होतं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या खेडकडच्या, कपाळावर रुपयाएवढी मरून टिकली. पहिल्याच दिवशी एका मुलीसमोर माझा धडा लावला, तर बाईंनी प्लास्टिकचं स्टूल उचलून पडद्याकडे पाठ करून ठेवलं आणि त्या मुलीच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"बाई, धडा इकडे आहे," मी म्हटलं.

"तो तू बघितलायस ना? मग पोरीला कोण बघणार?"

माझी खात्री पटली की बाईंना पडद्यावरचं काही कळत नाही, आणि ते झाकायला हे स्टुलाचं नाटक आहे. तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवली. त्या डायरीत काही लिहायला लागल्या की मी पाण्याच्या निमित्ताने मागून जायचो. बाई पान हाताने झाकायच्या आणि मान न वळवता म्हणायच्या, "आज फार तहान लागतेय रे तुला, दिनेश."

मग माझा अपूर्णांकांचा धडा आला. त्यात एक पोपट होता. मुलाने बरोबर उत्तराला बोट लावलं की पोपट उडून त्या उत्तरावर जाऊन बसायचा आणि पंख फडफडवायचा. या पोपटावर मी इतका खूश होतो, की घरी जेवताना बायकोला त्याचा आवाज काढून दाखवायचो. धडा काही मुलांना चाचणीसाठी दिला आणि निकाल बघून साहेब केबिनमधून ओरडतच बाहेर आले, "अरे क्या बात है दिनेश, सगळे टेन आऊट ऑफ टेन!" एकाही मुलाने धडा अर्ध्यात सोडला नव्हता, बऱ्याच जणांनी तो पुन्हा पुन्हा लावला होता. सोमवारी तो शाळांना जायचा होता. बाई तेवढ्या निकालाचा कागद नाकाशी धरून बसल्या होत्या. "सगळ्यांना दहापैकी दहा?" त्या म्हणाल्या. "माझ्या शाळेत असं फक्त पेपर फुटल्यावर व्हायचं."

शनिवारी त्या परत आल्या. घराशेजारच्या तीन मुलांना त्यांनी तोच धडा दिला होता. कुणाला तीन, कुणाला दोन. "मुलांना अपूर्णांक येत नाहीत. धडा पाठवू नका," त्यांनी सरळ सांगून टाकलं. माझा पोपट, माझी बढती, घरची ती नक्कल, सगळं एका वाक्यात आडवं झालं. आणि मी भर मीटिंगमध्ये, साहेबांसकट सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, तुम्ही पोरांना पढवून आणलंत. मुद्दाम चुकायला लावलंत." बाईंनी पर्सची चेन लावली, डायरी काखेत धरली आणि गेल्या. मला तर ती चेन लावण्याची पद्धतसुद्धा संशयास्पद वाटली.

रविवारी त्यांना रंगेहाथ पकडायला मी नवघरला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. मी जिन्यात भिंतीला चिकटून डोकावलो. चटईवर शेजारची सानवी, पाचवीतली, मोबाईल घेऊन बसली होती, आणि बाई स्टुलावर, तिच्याकडे तोंड करून.

"दिनेश, चोरून बघायचंच तर आत येऊन नीट बघ. भिंतीचा रंग ओला आहे."

डाव्या बाहीला पिवळा पट्टा घेऊन मी आत गेलो. सानवीने माझ्यासमोर धडा लावला, टकाटक दहाच्या दहा. मग बाईंनी टिकल्यांचं पाकीट काढलं, एक मोठी टिकली सोलली आणि मोबाईलच्या काचेवर, नेमकी पोपटावर चिकटवली. "आता कर." सानवी थांबली. डोळे बारीक करून बघितलं, बोट हवेतच फिरवत राहिली... दहापैकी तीन.

"असं का गं?" मी विचारलं.

"काका, त्यो पोपट सांगतो ना! बरोबर असल तिकडंच तोंड करून बसतो. तुम्हाला म्हायती न्हाय?"

मला माहीत असायला हवं होतं. पोपटाला शेवटी ज्या उत्तराकडे उडायचंय, तिकडे उडताना मान वळवायचं वेगळं काम नको म्हणून मी आळसाने तो पहिल्यापासूनच तिकडे तोंड करून बसवला होता. मुलं प्रश्न वाचतच नव्हती. धड्यात रमली होती ती, पण पोपटाची चोच शोधण्यात. बाईंना हे कळलं होतं ते सानवीच्या डोळ्यांवरून. प्रश्न खाली होता आणि पोरीची नजर दर वेळी वर जात होती.

मी हळूच म्हणालो, "बाई, चुकलं माझं."

"चारचौघांत बोललायस, चारचौघांत मागे घे," त्या म्हणाल्या. "इथे कुजबुजू नकोस. चहात साखर किती?"

सोमवारी अहवालात त्यांनी एवढंच लिहिलं, 'पोपट बदलावा, धडा पुन्हा तपासावा.' माझ्या आळसाचा उल्लेख नाही, आरोपाचा नाही. मला वाटलं, ही वाघीण नंतर कधीतरी झडप घालणार. मी महिनोन्‌महिने वाट बघितली. झडप आली नाही, आणि मीही दर मीटिंगला आरोप मागे घ्यायचं ठरवून तोंड मिटून बसलो. पुढच्या मीटिंगला बोलू, म्हणत राहिलो... मग बाई आजारी पडल्या.

शेवटचा धडा त्यांनी घरीच, पडल्या पडल्या तपासला. शेरा होता, 'ठीक'. बाईंच्या तोंडचा 'ठीक' म्हणजे इतरांची आरती. साहजिकच मला संशय आला, की ही आजारपणातली दया आहे. दिवसकार्य झाल्यावर वैशालीने बाईंचा धडे तपासायचा मोबाईल आणि ते स्टूल माझ्या स्वाधीन केलं. काचेवर मरून टिकली तशीच होती. मी सानवीला बोलावलं, तो शेवटचा धडा लावला आणि पडद्याकडे पाठ करून बसलो. तिला दहापैकी सात मिळाले. तीन चुकले, पण पूर्ण वेळ नजर प्रश्नावर होती, आणि एकदा तर ती स्वतःशीच पुटपुटत बोटांवर मोजत होती. बाईंनी दया केली नव्हती.

तर चारचौघांत सांगतो. मोहितेबाईंनी कुणालाही पढवलं नव्हतं. आळस माझा होता आणि खोटा आळ मी घेतला होता. हे ऐकायला ज्यांनी असायला हवं होतं त्या नाहीत, हाही माझाच आळस.

हा लेख पाठवण्याआधी सानवीला वाचायला दिला आणि मी स्टुलावर, तिच्याकडे तोंड करून बसलो. दोन ठिकाणी तिने जांभई दिली, तिथला मजकूर मी काढून टाकला. 'पढवून आणलंत'पाशी मात्र ती वाचायची थांबली आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिली... ते ठेवलंय.