शेजारचा प्लॉट

प्लॉट घ्यायचं वेड आम्हा दोघींना एकदमच लागलं. मी घाटंजीत एका खासगी शाळेत शिकवत होते. माझी मैत्रीण शाळेसमोरच्या गल्लीत ब्लाउज शिवायची. दर रविवारी तिच्या स्कूटीवरून आम्ही यवतमाळच्या आसपासचे लेआउट बघत फिरायचो. परवापरवापर्यंत कपाशी असलेल्या वावरात मुरमाचे रस्ते पाडलेले असायचे, कडेनं चुन्याच्या रेघा. दाखवणारा माणूस आधी विचारायचा, साहेब नाही आले का? मैत्रीण शांतपणे सांगायची, साहेब घरी कुकर लावून राह्यले.

आर्णी रोडवरच्या एका चहाच्या हॉटेलात प्लॉटची खरेदी-विक्री करणारी मंडळी जमायची. सुरुवातीला आम्ही बाजूच्या टेबलावर बसून नुसतं ऐकायचो. कुठली जमीन एनए झाली, बायपास कुठून जाणार, कोणाच्या सातबाऱ्यावर बहिणींची नावं अजून आहेत. एकदा मैत्रिणीनं मध्येच विचारलं, पावसाळ्यात त्या नाल्याचं पाणी कुठवर येते? त्यांच्यातले निवृत्त तलाठी हसले. म्हणाले, ताई, हे विचारायला लोक रजिस्ट्री झाल्यावर येतात. त्यांनी आमच्यासाठी खुर्च्या ओढल्या आणि आम्ही त्या मंडळीतल्या झालो.

त्यांच्याच ओळखीनं आम्ही लागूनचे दोन प्लॉट घेतले. मैत्रिणीला तिथं राहायचंच होतं. मध्ये कंपाउंड घालायचं नाही, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या बाजूला असणार होती, म्हणजे भाजीची वाटी हातोहात देता येईल. एका संध्याकाळी तिनं कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीनं मातीत दोन्ही घरांच्या खोल्या आखल्या आणि मला माझ्या न बांधलेल्या हॉलमध्ये बसवून थर्मासमधला चहा दिला.

मला मात्र त्या मंडळीची गोडी लागत गेली. शाळेत वर्षानुवर्षं माझं मत कोणी विचारलं नव्हतं. इथं मोठमोठे लोक फोन करून विचारायचे, मॅडम, हे लोकेशन कसं वाटते? तलाठीकाका नेहमी म्हणायचे की प्लॉटमध्ये जीव गुंतवला की माणूस पुढं सरकत नाही. माझ्या प्लॉटला चांगलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा सगळ्यांनी विकायचाच सल्ला दिला. बाभुळगावकडे त्याहून मोठी जागा मिळत होती.

मी मैत्रिणीला दुकानात जाऊन सांगितलं. ती मशीनवर होती. तिनं शिवण पूर्ण केली, दातानं धागा तोडला.

"तुले पटते तर वीक," ती म्हणाली. "मी कायले अडवू?"

ती रागावली असती तर कदाचित मी थांबले असते, असं आता वाटतं. पण तेव्हा मला ते ऐकून हायसं वाटलं.

तिनं पुढच्याच वर्षी घर बांधलं. माझा प्लॉट घेणाऱ्यानं थेट हद्दीपर्यंत दुमजली इमारत उभी केली. बाभुळगावची जागा अजून तशीच पडून आहे. तिचा भाव वाढला, हे खरं आहे. मी अधूनमधून जाऊन बघून येते, पण तिथं बसावंसं वाटत नाही. हॉटेलातली मंडळीही पांगली. आता मोबाइलच्या ग्रुपवर फक्त नकाशे येतात.

मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे गेले होते. सकाळची वेळ होती, तरी स्वयंपाकघरात तिनं लाईट लावला. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्यांची भिंत होती, गिलावा न केलेली. मी तिकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"उन्हाळ्यात बरं पडते," ती म्हणाली. "ऊन नाही येत."

मग तिनं शाळेचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. निघताना भाजी डब्यात भरून दिली. वाटी नीट राहिली नसती, मला बसनं जायचं होतं.