चितेपाशी मारलेली हाक

त्या सिनेमात मुलगा आपल्या मेलेल्या बापाविषयी सगळीकडे ‘बापू’ म्हणून बोलतो. फक्त चितेपाशी तो ‘आबा’ म्हणून ओरडतो. यावर लोकांनी बरंच लिहिलं आहे. मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. तिथल्या कँटीनमध्येही एकाने मला समजावून सांगितलं, की लहानपणी तो बापाला आबा म्हणत असणार, आणि दुःखात माणूस पुन्हा लहान होतो. मी मान हलवली.

आबा म्हणजे माझे वडील. चितेवर तेच होते.

आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला, माळावर. सिनेमावाल्यांना करपलेली जमीन हवी होती, म्हणून ते ऐन उन्हाळ्यात आले. शहरात राहणारा मुलगा बाप गेल्याचं कळून गावी येतो, तिथून सिनेमा सुरू होतो. बाप दिसतो तो मेलेलाच. त्या कामासाठी पुण्याहून एक वयस्कर नट आणला होता. ओढ्याकाठी रचलेलं सरण त्याने बघितलं, बायकोशी फोनवर बोलला आणि संध्याकाळच्या बसने परत गेला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं कोंडतात तिथे, आला. तरुण होता, बोलायला नम्र. चहा पिता पिता तो आबांच्या तोंडाकडे बघत राहिला.

मी सुट्टीवर घरी आले होते. आबा ‘व्हय’ म्हणाले तेव्हा मी तिथेच होते.

आई म्हणाली, “जित्या मान्साला तिरडीवर निजवायचं न्हाय. कुटं झालंय का असं?”

“मेल्यावर कसं दिसतंय ते एकदा बघू की,” आबा म्हणाले. “मागनं कोन दाखवनार हाय मला?”

ते हसले. आई हसली नाही. दुपारी सिनेमातला एक सहायक तिला विचारायला आला, की मेलेल्याच्या बायकोचं काम तुम्हीच कराल का, नाहीतरी नवरा तुमचाच आहे. कुंकू पुसायचं, एवढंच. आईने त्याच्याकडे एकदा बघितलं, घरात गेली आणि आतून कडी लावून घेतली.

शूटिंगच्या दिवशी आबांना आमच्याच अंगणात निजवलं. नाकात कापूस, कपाळाला गुलाल, हनुवटीखालून बांधलेली पट्टी. मेकअपवालीने चेहऱ्यावर राखाडी रंग चढवला, ओठांना जरा निळा. मी जवळ उभी होते तरी मला मधूनमधून त्यांच्या छातीकडे बघावं लागत होतं. गावातल्या बायकांना रडायला बसवलं होतं. पहिल्यांदा त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. दिग्दर्शक पुन्हा घेऊ म्हणाला.

मग माझी आत्या आली. आबांची धाकटी बहीण, करकंबला दिलेली. कुणाला तरी तिने विचारलं असेल, हा सिनेमा आहे असं कुणी तरी सांगितलंही असेल, पण उंबऱ्यापाशी ती थबकली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. “दादा, मला सोडून कुटं निगाला रं.” ती खाली बसली आणि रडू लागली. लहानपणी आबांनी तिला खांद्यावरून शाळेत नेलं होतं ते, तिच्या लग्नात त्यांनी आपला कोकरांचा कळप विकला होता ते, सगळं बोलून रडली. हसणाऱ्या बायका गप्प झाल्या आणि एकेक करून रडायला लागल्या. ‘कट’ म्हटल्यावरही थांबेनात. आबा डोळे मिटून पडले होते. डोळ्यांतलं पाणी कानाच्या बाजूने ओघळून मेकअप पुसला गेला होता, तो पुन्हा लावावा लागला.

आत्याला मी बाजूला नेलं. “आत्या, आबा जिवंत आहेत. सिनेमा आहे हा.”

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. “पन थांबंना झालंय.”

मी तिला पाणी आणून दिलं.

तिरडी उचलून ओढ्याकाठी नेली. बेत असा होता, की आबा सरणावर निजतील, मुलाचं काम करणारा नट पेटता चूड घेऊन जवळ येईल, तिथे शॉट थांबेल. मग आबांना उतरवून गवताचा माणूस ठेवायचा आणि खरी आग द्यायची. नंतर वेळ लागून उजेड जाऊ नये म्हणून सरणाच्या खालच्या बाजूला सकाळीच रॉकेल शिंपडून ठेवलं होतं. ज्याने शिंपडलं त्याने एकाला सांगितलं होतं. त्या एकाने पुढे सांगितलं नाही.

आबांचे हातपाय रीतीप्रमाणे बांबूला सुतळीने बांधले होते. बांधणारे गावातलेच, खऱ्या कामाला सवयीचे. त्यांनी गाठी पक्क्या मारल्या.

मला रॉकेलचा वास आला. सिनेमात असं असतंच, असं मला वाटलं. जनरेटर बंद होता, म्हणून सगळीकडे फार शांत होतं. नट चूड घेऊन पुढे आला. त्याने कोरड्या डोळ्यांनी नुसतं उभं राहायचं होतं. तेवढ्यात नांगरलेल्या रानातून वावटळ उठली. आमच्याकडे उन्हाळ्यात ती रोजच उठते. चुडाची ज्योत आडवी झाली, सरणातल्या कडब्याला लागली, आणि खालून भप्प असा आवाज आला.

कुणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं, हे ठरलेलंच आहे. कॅमेरा चालूच होता. मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे मी कधी विसरणार नाही. नट मात्र जवळ होता. त्याने आबांचे डोळे उघडलेले बघितले.

दोन आठवडे तो आमच्या अंगणात चहा घेत होता, आम्ही सगळे त्यांना काय हाक मारतो ते ऐकत होता. तो ‘आबा’ म्हणून ओरडला आणि सरणावर पडला. जळती लाकडं त्याने हातांनी ओढून काढली. मग माणसं धावली. तिरडीसकट आबांना खाली ओढलं, मातीत लोळवलं. सुतळी कापायला विळा सापडेना. आबा एका आवाजात म्हणत होते, “पाय सोडा, पाय सोडा.”

डावी पोटरी भाजली होती. सोलापूरला दवाखान्यात नेलं. आई गाडीत शेजारी बसली. आबांच्या नाकातला कापूस तेवढा तिने काढला आणि खिडकीतून टाकला.

दिग्दर्शक दवाखान्यात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “तो शॉट मी ठेवणार नाही,” तो म्हणाला.

आबा म्हणाले, “ठेवा. त्या पोराच्या हाताची कातडी गेलीय त्यात.”

शॉट ठेवला. आत्याचं रडणंही ठेवलं. नट मुलाखतीत एवढंच सांगतो, की ते आतून आलं. खोटं नाही ते. तो दिवाळीला आबांना फोन करतो.

सिनेमा गाजला. तो तुकडा मोबाइलवरून फिरत फिरत केमच्या आमच्या लांबच्या पाहुण्यांपर्यंत गेला. तिथली माणसं एका सकाळी दुखवट्याला म्हणून पांढरे पटके बांधून दारात उभी राहिली. आबा ओट्यावर दाढी करत होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने आबांना बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला. आईने सगळ्यांना चहा दिला. आयुष्य वाढलं म्हणायचं, असं कुणी तरी म्हणालं. आई आत निघून गेली.

आबा चालतात, जरा लंगडत. मेंढरं लांब नेत नाहीत. उताणे निजत नाहीत. थंडीतही तोंडावरून घोंगडं घेत नाहीत. तेवढं सोडलं तर पूर्वीसारखेच आहेत.

गेल्या आठवड्यात आबांना दिग्दर्शकाचा फोन आला. सिनेमाचा दुसरा भाग निघतोय. मेलेला बाप मुलाच्या स्वप्नात येतो म्हणे. तुम्हीच या, असं त्याने म्हटलं. आग वगैरे काही नाही, नुसतं दारात उभं राहायचं.

“आबा, तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“व्हय म्हनालो.”

“आणि आई?”

फोनवर मागे मेंढरं ओरडत होती.

“ती न्हाय बोलत,” आबा म्हणाले. “मी व्हय म्हनालो तवापासनं बोलंना झालीया. तू ये जरा.”

मी रजा टाकली आहे. उद्या सकाळच्या एसटीने निघते.